दहावीनंतरची दोन वर्षे : उच्च माध्यमिक अभ्यासक्रमाची वाटचाल आणि आपली शाळा

शाळेचा हीरक महोत्सव म्हटला की स्मरणिकेत इमारतीची कथा येते, संस्थापकांच्या कष्टांचे स्मरण होते आणि गुणवत्ता यादीत झळकलेल्या विद्यार्थ्यांची नावे अभिमानाने छापली जातात. ते सर्व उचितच आहे. परंतु शाळेचा प्रत्येक दिवस ज्याच्याभोवती फिरतो, त्या अभ्यासक्रमाची कथा सहसा कोणी सांगत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी अकरावीला बोर्डाची परीक्षा दिली, काहींनी बारावीला दिली, आणि आज आठवी-नववीत असलेली मुले कदाचित याहून वेगळ्याच पद्धतीने देतील. एकाच शाळेतून बाहेर पडलेल्या तीन पिढ्यांची प्रमाणपत्रे अशी निरनिराळी का, याचे उत्तर इतिहासात आहे.

हा इतिहास आठवण्याचे कारण वर्तमानातले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्याला अनुसरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. दहावीपर्यंतच्या शाळेला याचा अर्थ असा की, आपण विद्यार्थ्याला टप्प्याच्या मध्यावर निरोप देतो. साहजिकच पालकसभेत प्रश्न येतो, "बाई, आपल्याकडे अकरावी-बारावी कधी सुरू होणार?" या प्रश्नाचे उत्तर उत्साहाच्या भरात देण्यापूर्वी मागील साठ-सत्तर वर्षांत अशा बदलांचे काय झाले, ते पाहून घेणे हिताचे ठरेल.

आपल्या नगराचा जन्म आणि आपल्या भाषेचे या प्रदेशातील स्थान या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी ठरल्या. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही त्या राज्याच्या भाषा होत्या. पुढे २१ महिन्यांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा हावडा-मुंबई लोहमार्गाने नोकरीसाठी येथे आलेली मराठी कुटुंबे अल्पसंख्य भाषिक झालेली होती. काही वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात मराठी ही राज्याची एक भाषा होती, तेथे आता मराठी शाळा टिकवणे ही समाजाची जबाबदारी झाली.

राज्यघटनेने या जबाबदारीत काही आधार दिला. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास राज्यांना सांगतो, मात्र केवळ प्राथमिक स्तरावर. वरच्या वर्गांसाठी १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत एक सूत्र मान्य झाले. उच्च माध्यमिक टप्प्याच्या शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी असतील, तर अल्पसंख्य भाषेतून शिकवण्याची सोय करावी. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढील सर्व कथा याच पटसंख्येपाशी येऊन थांबते.

स्वातंत्र्यानंतर उच्च माध्यमिक शिक्षणाचा पहिला मोठा आराखडा डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली मांडला. तोपर्यंत दहा वर्षांची मॅट्रिक, दोन वर्षांचे इंटरमीजिएट आणि दोन वर्षांची पदवी अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी होती. आयोगाने इंटरमीजिएट मोडावे, त्यातील एक वर्ष शाळेला आणि एक पदवीला द्यावे, असे सुचवले. त्यातून अकरा वर्षांची 'हायर सेकंडरी' आणि तीन वर्षांची पदवी जन्माला आली. त्याचबरोबर मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रविद्या, वाणिज्य, कृषी, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट करून बहुउद्देशीय शाळा काढाव्यात, अशी शिफारस होती. बिलासपूरची 'मल्टीपर्पज' शाळा हे नाव त्या योजनेची खूण म्हणून लोकांच्या तोंडी राहिले. मध्य प्रदेशाने अकरा वर्षांची पद्धत स्वीकारली आणि आपल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांची 'अकरावी बोर्ड' ही त्याच पद्धतीची देणगी होय.

विचार उत्तम होता. मुलाच्या कलाप्रमाणे विषय मिळावेत आणि महाविद्यालयाखेरीज अन्य वाटाही खुल्या राहाव्यात, असा तो विचार. व्यवहारात मात्र सात गट चालवायचे तर सात प्रकारचे अध्यापक, प्रयोगशाळा आणि कर्मशाळा लागतात. त्यामुळे बहुतेक शाळांत विज्ञान, वाणिज्य आणि कला एवढेच गट रुजले. आज आपण 'शाखा' म्हणून जे गृहीत धरतो, ते त्या सात गटांतून तगून राहिलेले तीन आहेत.

आपल्या शाळेची घंटा प्रथम वाजली त्या सुमारास दुसऱ्या आराखड्याचे काम देशभर चालू होते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग जुलै १९६४ मध्ये नेमला गेला आणि जून १९६६ मध्ये त्याने अहवाल दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. दहा वर्षांचे सामान्य शिक्षण, दोन वर्षांचे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षांची पदवी हा '१०+२+३' आकृतिबंध या आयोगामुळे रूढ झाला आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने तो स्वीकारला.

त्याची अंमलबजावणी कशी होते, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवले. तेथे जून १९७२ मध्ये आठवीपासून नवा पाठ्यक्रम आला. १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आणि जुन्या पद्धतीची अकरावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसल्या. दोन वर्षांची मुले एकाच जूनमध्ये पुढच्या दाराशी उभी राहिली. त्यांपैकी नव्या पद्धतीच्या मुलांसाठी अकरावीचे वर्ग कोठे भरवायचे, हाही प्रश्नच होता. महाविद्यालयाकडे वर्गखोल्या, प्रयोगशाळा व पदव्युत्तर प्राध्यापक होते. शाळेकडे शिस्त, पालकांशी संबंध आणि बी.एड. झालेले शिक्षक होते. शेवटी दोन्हींकडे वर्ग उघडले आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' हा शब्द मराठीत कायमचा आला. १९७७ साली पहिली बारावीची परीक्षा झाली. ही दोन वर्षे शाळेची की महाविद्यालयाची, हा संदिग्धपणा मात्र अद्याप पुरता मिटलेला नाही. सोळा वर्षांच्या मुलाकडे कोणी लक्ष द्यायचे, हे ठरवण्याआधी त्याचे वर्ग सुरू झाले होते.

मध्य प्रदेशात अकरा वर्षांची पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. म्हणजे सुमारे दहा वर्षे दुर्ग आणि नागपूर यांच्यामधील पावणेतीनशे किलोमीटरांत शालेय शिक्षणाची लांबीच बदलत असे. एकाच घरातील चुलत भावंडांपैकी भिलाईचे भावंड अकरावी बोर्ड उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षात जाई, आणि नागपूरचे भावंड आणखी एक वर्ष बारावीत बसे. वडिलांची बदली झाली किंवा शिक्षणासाठी मामाकडे जायचे ठरले, तर अकरा वर्षांचे प्रमाणपत्र बारा वर्षांच्या रांगेत कोठे बसवायचे, हा पेच उभा राही. राज्याबाहेरच्या मराठी कुटुंबांना अभ्यासक्रमातील बदल नेहमी असा दोन बाजूंनी भोगावा लागला आहे. ज्या राज्यात राहतो तेथील बदल आणि ज्या राज्याशी भाषेने बांधलेले आहोत तेथील बदल यांचे वेळापत्रक कधी जुळले नाही.

कोठारी आयोगाचे दुसरे मोठे स्वप्न व्यवसाय शिक्षणाचे होते. १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी पूर्णवेळ किंवा अर्धवेळ व्यवसाय अभ्यासक्रम घ्यावेत, अशी अपेक्षा होती. १९७८ साली डॉ. माल्कम आदिशेषय्या समितीने पुन्हा त्याच दिशेने शिफारशी केल्या. १९८६ उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने लक्ष्य खाली आणले. १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२ मध्ये तेही पुढे ढकलून अनुक्रमे १९९५ आणि २००० ही वर्षे ठरवण्यात आली. १९९३ साली भोपाळला व्यवसाय शिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि तिला राजिमच्या भूमीतील पंडित सुंदरलाल शर्मा यांचे नाव मिळाले. छत्तीसगडच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब. महाराष्ट्रात द्विलक्षी आणि 'एमसीव्हीसी' हे अभ्यासक्रम त्याच प्रयत्नांतून आले.

पण 'व्होकेशनल' म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी, ही समजूत घराघरांत बसली, आणि कोणताही आराखडा ती पुसू शकला नाही. भिलाईत तर याचे वैचित्र्य अधिकच जाणवते. ज्या नगराचा संसार झोतभट्टी, रोलिंग मिल, वेल्डिंग आणि फिटिंग यांवर उभा राहिला, तेथेही वडिलांनी मुलाला हातात पाना धरण्यापासून दूरच ठेवले. त्यात वडिलांचा दोष काढता येत नाही. वाणिज्य वा विज्ञान घेतलेल्या मुलाला पदवीचा दरवाजा उघडा होता, व्यवसाय अभ्यासक्रम घेतलेल्याला तो किलकिला होता. पुढची वाट दिसल्याशिवाय पालक मुलाला नव्या रस्त्यावर सोडत नाहीत. जे. पी. नाईक यांनी आयुष्याच्या अखेरीस आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडणारे पुस्तकच लिहिले. ज्याने आराखडा रचला त्यानेच त्याच्या यशापयशाचा शोध घ्यावा, हा प्रामाणिकपणा आपल्या शिक्षणक्षेत्रात दुर्मिळ आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. पुढे राज्याचे स्वतंत्र माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि भोपाळऐवजी रायपूरकडे पाहण्याची सवय शाळांना लावून घ्यावी लागली. अंतर कमी झाले, ही मोठी सोय झाली. भाषेचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण अकरावी-बारावीचे शिक्षण येथे मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीतून चालते.

हिंदी आपल्याला परकी नाही, मग अडचण कसली, असे अनेक पालक विचारतात. येथे शिक्षिका म्हणून काही उदाहरणे द्यावीशी वाटतात. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत पदार्थाच्या मूलभूत कणाला 'अणू' म्हणतो आणि अणूंच्या जोडणीला 'रेणू' म्हणतो. हिंदी पुस्तकात पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. म्हणजे आपल्या मुलाने बरोबर शिकलेला शब्दच अकरावीच्या उत्तरपत्रिकेत चुकीचा ठरतो. भूमितीतला 'काटकोन' तेथे 'समकोण' होतो, 'लघुकोन' 'न्यूनकोण' होतो, 'विशालकोन' 'अधिककोण' होतो. 'अपूर्णांक' हा 'भिन्न' होतो, आणि मराठीत 'भिन्न' म्हणजे वेगळा. खुद्द 'शिक्षा' या शब्दाचा हिंदीत अर्थ शिक्षण आणि मराठीत दंड. लिपी एकच असल्यामुळे हे खड्डे दिसत नाहीत, म्हणून ते अधिक फसवे. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाला आपण नवी भाषा शिकतो आहोत याची जाणीव तरी असते. हिंदीत जाणाऱ्याला ती नसते, आणि पहिल्या घटक चाचणीत कमी गुण पडले की तो स्वतःच्या बुद्धीलाच बोल लावतो.

आता पटसंख्येकडे वळू. समजा, दहावीच्या वर्गात ३६ मुले आहेत. दहावीपर्यंत हा एक चांगला भरलेला वर्ग आहे. हीच मुले अकरावीत गेली की त्यांच्या शाखा होतात. १६ विज्ञानाला, १२ वाणिज्याला, ८ कलाशाखेला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, लेखाशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि भाषा असे विषय धरले, तर ३६ मुलांसाठी दहा-बारा पदव्युत्तर अध्यापक लागतात. १९६१ च्या सूत्रातील 'प्रत्येक वर्गात १५' ही अट एका शाखेत जेमतेम पुरी होते, उरलेल्या दोन्हींत होत नाही. प्रत्येक नव्या आराखड्याने मुलांना अधिक निवड देऊ केली आणि प्रत्येक निवडीबरोबर लहान भाषेच्या शाळेचा वर्ग अधिकच विभागला गेला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आराखडे मोठ्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात, एवढेच.

या पार्श्वभूमीवर २०२३ चा आराखडा वाचला पाहिजे. त्यानुसार नववी-दहावीत तीन भाषांसह दहा विषय आहेत आणि त्यांत कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण व व्यवसाय शिक्षण यांना इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान आहे. अकरावी-बारावीत दोन भाषा, त्यांपैकी किमान एक भारतीय, आणि अन्य चार विषय किमान दोन निरनिराळ्या गटांतून घ्यायचे आहेत. विज्ञान, वाणिज्य, कला या भिंती काढाव्यात, असा त्याचा रोख आहे. वर्षातून दोनदा बोर्डाची परीक्षा देण्याची मुभा हा त्यातील भाग आपल्या राज्यात २०२४ पासून प्रत्यक्षात आलाही आहे. बाकीचे राज्य मंडळ जसजसे स्वीकारील, तसतसे येईल.

वरवर पाहता विषयांची मुक्त निवड लहान शाळेला अधिकच अडचणीची. थोडे खोलवर पाहिले, तर येथे प्रथमच एक सोयही दिसते. आजवर अकरावी उघडायची म्हणजे निदान एक संपूर्ण शाखा उभी करावी लागे. शाखांचे बंधन खरोखरच सैल झाले, तर मराठी, इंग्रजी किंवा हिंदी, गणित, अर्थशास्त्र, भूगोल, संगणक आणि एखादा व्यवसाय विषय अशा सात-आठ विषयांत सर्व मुले एकाच वर्गात बसू शकतील. ३६ मुलांचे तीन तुकडे होणार नाहीत. अभियांत्रिकी वा वैद्यकाच्या प्रवेश परीक्षा देणाऱ्यांना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवेच आणि त्यांना सुसज्ज प्रयोगशाळेच्या मोठ्या शाळेत जावे लागेल. हे पालकांना स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे. मात्र दहावीनंतर प्रत्येक मराठी मुलाला मराठीचा निरोप घ्यावाच लागेल, असे आता राहत नाही.

म्हणून माझे मत असे की, वर्ग उघडण्याची घाई करू नये आणि तयारीला उशीरही करू नये. आजवरच्या तिन्ही आराखड्यांत आधी घोषणा झाली आणि नंतर शिक्षक, पुस्तके व खोल्या यांचा शोध सुरू झाला. आपण क्रम उलटा ठेवू. पहिले काम पारिभाषिक शब्दांचे. नववी-दहावीच्या गणित आणि विज्ञानाच्या प्रत्येक प्रकरणाला मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन रकान्यांची शब्दसूची जोडावी. त्यासाठी कोणाच्या अनुमतीची गरज नाही आणि खर्चही नगण्य आहे. दुसरे काम व्यवसाय विषयाचे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत कारखान्याच्या कर्मशाळेत आयुष्य घालवलेले तंत्रज्ञ आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, परिचारिका आहेत, स्वतःचा उद्योग चालवणारे आहेत. आठवड्यातील दोन तासिका त्यांनी घेतल्या, तर व्यवसाय शिक्षणाविषयीचा संकोच कमी होण्यास कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक मदत होईल. तिसरे काम पटसंख्येचे, आणि ते पालकांच्या हाती आहे. पुढील तीन वर्षांत नववीच्या वर्गातील किती मुले येथेच पुढे शिकू इच्छितात, याची लेखी नोंद आपण दरवर्षी घेऊ. १५ हा आकडा सलग टिकला, तर शासनाकडे आणि मंडळाकडे जाताना आपल्या हातात भावनेसोबत पुरावाही असेल.

आपल्या आधीच्या पिढीने साठ वर्षांपूर्वी ही शाळा काढली, तेव्हा त्यांनाही पहिल्या वर्गाची मुले घरोघर जाऊन मोजावी लागली असतील. त्या मोजणीवर विश्वास ठेवून पालकांनी मुले पाठवली, म्हणून आज आपण हीरक महोत्सव साजरा करू शकतो. शब्दसूचीचे काम येत्या दिवाळीच्या सुटीनंतर सुरू करण्याचा शिक्षकवृंदाचा संकल्प आहे. गणित, विज्ञान किंवा भाषा यांत गती असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेच्या कार्यालयात आपली नावे द्यावीत, ही नम्र विनंती.